जुन्या गाडीला बॅटरी कट-ऑफ स्विच: कोणता घ्यावा, कुठे आणि कसा बसवावा

मॉरिस मायनरच्या फ्यूजबॉक्समध्ये कामाचे फ्यूज दोनच असतात, ३५ अँपिअरचे. बाजूला दिसणारे आणखी दोन फक्त जादा म्हणून ठेवलेले. हेडलाइट आणि इग्निशनच्या वाटेत एकही फ्यूज नाही. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांची तऱ्हा हीच. नव्या वायरिंगला ते चालून गेलं. आता त्याच वायरींचं रबर बोटांत भुगा होऊन येतं, वरची सुती वीण कुजलेली असते, आणि बॅटरी मात्र नवी कोरी, शॉर्ट झाला तर शेकडो अँपिअर ओतायला तयार. गाडी बंद करून किल्ली खिशात टाकली तरी बॅटरीपासून सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (सेल्फला करंट जोडणारा विजेचा खटका) आणि तिथून अँमीटर, कटआउट (डायनेमो बॅटरीला जोडणारा-तोडणारा खटका) व इग्निशन स्विचपर्यंतच्या वायरी जिवंतच राहतात. कट-ऑफ स्विच बसवायचा तो गाडी उभी असताना या वायरींतला जीव काढून घेण्यासाठी.

गोव्यात याची गरज जरा जास्तच. १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलात आयात झालेल्या गाड्या, त्यानंतरच्या फियाट ११००, पद्मिनी, अँबेसेडर, जीप यांतल्या बऱ्याचशा आता रविवारी किंवा लग्नसराईतच बाहेर निघतात. जून लागला की मांगरात किंवा पोर्चमध्ये कव्हराखाली जातात, त्या चवथ उरकल्यावर उघडायच्या. मधल्या काळात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, समुद्राची खारी हवा, आणि कोरड्या जागेच्या शोधात बॉनेटखाली शिरणारे उंदीर. उंदराने वायरीचं आवरण कुरतडलं आणि उघडी तार पत्र्याला टेकली, तर गाडीजवळ कोणी नसताना आग लागू शकते.

बॅटरी उतरण्याचं गणित सोपं आहे. ४० अँपिअर-तासांची बॅटरी धरा. कुठूनतरी ५० मिलिअँपिअर गळत असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे सतरा दिवसांत बॅटरी निम्मी. दाराच्या खटक्यात गंज अडकून ५ वॅटचा आतला दिवा पेटताच राहिला तर साधारण ०.४ अँपिअर जातो, आणि चार दिवसांत सगळा कारभार आटोपतो. डॅशबोर्डवर विजेवर स्वतःला चावी देणारं घड्याळ असेल तर त्याचाही प्रश्न असतो. व्होल्टेज पडलं की त्याच्या कॉइलला स्प्रिंग पुरती ओढता येत नाही, पॉइंट मिटलेलेच राहतात आणि कॉइल जळते किंवा आतला डाखाचा फ्यूज वितळतो. अशी बरीच घड्याळं केवळ उतरलेल्या बॅटरीने मेलेली असतात.

डायनेमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या, गाडीत याहून वाईट प्रकार घडतो. कटआउटचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद झाल्यावर करंट उलटा फिरतो आणि बॅटरी डायनेमोला मोटरसारखं चालवायला बघते. फॅनबेल्टने धरून ठेवलेला डायनेमो फिरू शकत नाही, मग तो नुसता तापतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या वायरीही. किल्ली बंद केल्यावर अँमीटरचा काटा उणेकडे पडून राहिला असेल तर नेमकं हेच चाललेलं असतं. तेव्हा पाना शोधत बसायला वेळ नसतो, स्विच हाताशी असावा लागतो.

आता हा स्विच काय करत नाही, तेही पाहू. तो फ्यूज नव्हे. गाडी चालू असताना वायर शॉर्ट झाली तर तो आपणहून काही करणार नाही. त्यासाठी फ्यूज वेगळा लागतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या वायरिंगमध्ये सोलेनॉइडवरून कंट्रोल बॉक्सकडे (कटआउट आणि रेग्युलेटरचा डबा) जाणारी जी मुख्य तपकिरी वायर असते, तिच्यात सोलेनॉइडजवळच ४० अँपिअरचा फ्यूज टाकला तर सेल्फ सोडून जवळपास सगळी गाडी त्याच्या पाठीशी येते. लुकासच्या सी ४० डायनेमोची कमाल क्षमता २२ अँपिअरच, त्यामुळे ४० पुरतात. दुसरं म्हणजे, साध्या दोन टोकांच्या स्विचने चालू इंजिन बंद पडत नाही. बॅटरी तुटली तरी डायनेमो इग्निशन कॉइलला करंट पुरवत राहतो. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल गाडीला तर चालत राहायला विजेची गरजच नसते.

अर्थच्या बाजूलाच का

स्विच बॅटरीच्या ज्या टोकाची केबल बॉडीला गेलेली आहे, त्या, म्हणजे अर्थच्या, टोकावर बसवायचा. बॅटरीची जिवंत केबल तोडून तिच्यात स्विच घातला तर गाडीत आणखी एक बिनफ्यूजची जिवंत केबल आणि दोन उघडे स्टड (केबल बसवायचे आट्यांचे खांब) वाढतात. स्विच बंद असतानाही त्याचा बॅटरीकडचा स्टड जिवंतच राहतो, आणि त्यावर पाना फिरवताना दुसरं टोक पत्र्याला लागलं की ठिणग्या. अर्थच्या बाजूला तसं होत नाही. तिथली केबल घासून पत्र्याला लागली तर फार तर स्विच निकामी ठरेल, आग लागणार नाही.

मात्र अर्थ म्हणजे निगेटिव्ह असं गृहीत धरू नका. लुकासचं सामान लावलेल्या ब्रिटिश गाड्या साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. फियाट, बीटल, विलीज जीप निगेटिव्ह अर्थच्या. शिवाय मधल्या पन्नास-साठ वर्षांत कोणीतरी पोलॅरिटी बदललेली असू शकते, विशेषतः रेडिओ किंवा अल्टरनेटर (डायनेमोच्या जागी आलेलं पुढचं जनित्र) बसवताना. पुस्तकात काय लिहिलं आहे यापेक्षा समोरची केबल बघा. जी जाड केबल किंवा विणलेली पट्टी बॉडीला, चेसिसला वा इंजिनच्या ब्लॉकला बोल्टने धरलेली आहे, ते अर्थ. स्विचला स्वतःची पोलॅरिटी नसते, तो दोन्हीकडे चालतो.

इथे एक सापळा आहे. अर्थच्या टर्मिनलवर मुख्य केबलशिवाय एखाददुसरी बारीक वायरही बसवलेली असते. स्टिरिओची अर्थ, हॉर्न रिलेची अर्थ, मागाहून लावलेल्या फॉगलाइटची अर्थ. ती तशीच टर्मिनलवर राहू दिली तर स्विच बंद करूनही गाडी तिच्यावाटे जोडलेलीच. आणि विसरून त्याच अवस्थेत कोणी सेल्फ मारला तर शंभर-दीडशे अँपिअर त्या शेवयासारख्या वायरीतून जायला बघतात. ती काही सेकंदांत लालबुंद होते आणि सोबतच्या वायरींनाही पेटवते. म्हणून बॅटरीच्या अर्थ टोकावर स्विचकडे जाणारी एकच केबल ठेवायची. बाकी सगळ्या अर्थ वायरी स्विचच्या पलीकडच्या, म्हणजे बॉडीकडच्या टोकावर न्यायच्या.

स्विच कोणता

बाजारात चार जातींचे मिळतात. सर्वांत स्वस्त तो थेट टर्मिनलवर बसणारा पितळी, एकतर गोल प्लास्टिकच्या मुठीचा किंवा पात्याचा. मुठीचा आटे सोडवून उघडतो, पात्याचा वर उचलला की सुटतो. काही शे रुपयांत मिळतो, केबल कापावी लागत नाही, दहा मिनिटांचं काम. मांगरात उभ्या राहणाऱ्या गाडीला हा पुरेसा आहे, आणि दोघांत पात्याचा अधिक भरवशाचा, कारण त्याची पकड डोळ्यांना दिसते. मुठीच्या स्विचची मूठ अर्धवट आवळली गेली तरी दिवे पेटतात, पण सेल्फ मारताच आट्यांत ठिणग्या पडून खड्डे होतात.

टर्मिनलवरचा स्विच घेताना दोन मापं बघा. नेहमीच्या जाड खांबांत पॉझिटिव्ह खांब बुडाशी १९.५ मिमी आणि निगेटिव्ह १७.९ मिमी असतो. छोट्या जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांचे खांब १४.७ आणि १३ मिमीचे. बहुतेक तयार स्विच जाड निगेटिव्हच्या मापाचे असतात. पॉझिटिव्ह अर्थच्या मॉरिसला तो बसणार नाही, म्हणून कानशीने भोक मोठं करण्यापेक्षा योग्य मापाचा मागवा. दुसरं माप उंचीचं. असा स्विच टर्मिनलवर तीन-चार सेंटिमीटर उंची वाढवतो. वर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच बंद करा. उघडल्यावर गोळा किती चेपला ते दिसेल, आणि किमान २० मिमी जागा उरायला हवी. बीटलमध्ये बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि सीटच्या स्प्रिंगा टर्मिनलला लागून आग लागण्याचा धोका त्या गाडीचा मूळचाच आहे. तिथे टर्मिनलवर उंच होणारा स्विच लावूच नये. बॅटरीवरचं झाकणही जागेवर आहे ना, ते बघा.

दुसरी जात लाल किल्लीच्या फिरत्या स्विचची, मागे दोन स्टड. किल्ली काढून नेता येते, चोरीलाही थोडा आळा बसतो. यांतल्या स्वस्त स्विचवर साधारण १०० अँपिअर सतत आणि ५०० अँपिअर ५ सेकंद असं छापलेलं दिसतं. छपाईवर फार विसंबू नका. खिशात छोटं लोहचुंबक न्या आणि स्टडला लावून बघा. चिकटलं तर ते पितळ नाही, लोखंडावर मुलामा आहे. गोव्याच्या हवेत तो दोन पावसाळ्यांत फुगतो आणि मग किल्ली फिरते पण गाडी गप्प.

तिसरी जात बोटींसाठीची, २०० ते ३०० अँपिअर सतत पेलणारी, स्टड कथील चढवलेल्या तांब्याचे, मागची बाजू झाकलेली. किंमत कितीतरी जास्त, पण खाऱ्या हवेसाठीच बनवलेली असल्याने आमच्या मते वास्को, कळंगुट किंवा बाणावलीसारख्या समुद्राकाठच्या गाडीला हीच घ्यावी. मालीम किंवा कुटबण जेटीच्या बाजूला ट्रॉलरचं सामान विकणाऱ्यांकडे विचारून बघा.

चौथी जात मोटरस्पोर्टची, सहा टोकांची. दोन जाड टोकं बॅटरीची आणि चार बारीक. बारकांपैकी एक जोडी स्विच बंद करताच इग्निशन कॉइलचा करंट तोडते, त्यामुळे चालू इंजिन थांबतं. दुसरी जोडी अल्टरनेटरला ३ ओहम, ११ वॅटच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडते. ती कशासाठी, ते पुढे अल्टरनेटरच्या भागात येईल. रॅलीत किंवा ट्रॅकवर जाणार नसाल तर हिची गरज नाही.

आकडे कसे निवडायचे? ११०० ते १५०० सीसीचं पेट्रोल इंजिन फिरताना सेल्फ साधारण १०० ते २०० अँपिअर ओढतो, पहिल्या झटक्याला त्याच्या दुप्पट. डिझेलला याहून बरंच जास्त. सहा व्होल्टच्या गाड्यांत, म्हणजे जुन्या विलीज जीप किंवा साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बीटलमध्ये, तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो. त्यात तिथे ०.३ व्होल्टची घट म्हणजे पाच टक्के, बारा व्होल्टला तीच अडीच टक्के. म्हणून सहा व्होल्टच्या गाडीला हलका स्विच लावला की ‘सेल्फ सुस्त झाला’ ही तक्रार हमखास येते आणि मग बिचारा सेल्फ उगाच उघडला जातो.

जागा

अडचणीच्या वेळी पाना-बिना न वापरता, शक्यतो बॉनेट न उघडता हात पोहोचावा अशी जागा उत्तम. पण त्यासाठी अर्थ केबल लांबवर फिरवावी लागत असेल तर हिशेब करा. ३५ चौरस मिमी तांब्याच्या केबलचा रोध मीटरला अर्धा मिलिओहम, म्हणजे १५० अँपिअरला प्रत्येक मीटरमागे ०.०७ व्होल्ट जातात. २५ चौरस मिमीला ०.१०, आणि १६ ला ०.१६. बारा व्होल्टच्या गाडीला एकूण एक मीटरपर्यंत २५ चालेल, त्यापुढे ३५. सहा व्होल्टला ५० पेक्षा कमी नको. अँबेसेडर, पद्मिनी, मॉरिस यांत बॅटरी बॉनेटखालीच असल्याने फायरवॉलवर किंवा आतल्या मडगार्डवर बॅटरीपासून फूट-दीड फुटावर स्विच बसतो आणि केबल आखूड राहते. तिथे बॉनेट उघडावं लागतं खरं, पण लांब केबलपेक्षा आम्ही तेच पसंत करू.

एक्झॉस्टच्या नळीपासून, कार्ब्युरेटरपासून आणि पेट्रोलच्या पाइपपासून स्विच लांब ठेवा, कारण उघडताना ठिणगी पडू शकते. बॅटरीच्या झाकणांच्या अगदी वरही नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो.

मूळ पत्र्याला भोक पाडायची घाई करू नका. बॅटरीच्या ट्रेचे किंवा कंट्रोल बॉक्सचे बोल्ट वापरून ३ मिमी लोखंडी पट्टीचं ब्रॅकेट करता येतं, आणि उद्या काढलं तर खूण राहत नाही. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी आणली, तिथे चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही. स्विच हा तसा फेरबदल नव्हे, पण गाड्यांच्या स्पर्धेत परीक्षकाच्या डोळ्यांना ताजं भोक खुपतंच. पाडावंच लागलं तर कडा घासून झिंक प्रायमर लावा. अ‍ॅल्युमिनिअमच्या ब्रॅकेटला स्टेनलेसचे बोल्ट इथल्या दमट हवेत लावू नयेत, अ‍ॅल्युमिनिअम पांढऱ्या भुकटीसारखं झडत जातं.

सामान

स्विचशिवाय लागेल ते असं: तांब्याची बारीक तारांची केबल दीड मीटर, केबलच्या टोकाला दाबून बसवायचे, कथील चढवलेले तांब्याचे लग तीन-चार (३५ ची केबल आणि १० मिमीचा स्टड असेल तर ‘३५-१०’ असं लिहिलेले), आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, रबरी ग्रोमेट, केबल धरायला क्लिपा, स्टडवर घालायची रबरी टोपणं, पेट्रोलियम जेली आणि बॅटरीचा नवा अर्थ क्लॅम्प. वेल्डिंगची केबल छान लवचीक असते आणि सहज मिळते, मात्र अ‍ॅल्युमिनिअमच्या तारांची वेल्डिंग केबलही त्याच रबरी आवरणात विकली जाते. दुकानातच टोक सोलून घ्या आणि एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर घेऊ नका.

लग हातोडीने ठोकून बसवू नका, मेस्तने कितीही सांगितलं तरी. वरून घट्ट दिसतो, आत तारांमध्ये पोकळी राहते, तिथे दमट हवा शिरून हिरवं साचतं आणि रोध वाढत जातो. हायड्रोलिक क्रिम्परने षटकोनी दाब दोन ठिकाणी द्यायचा. म्हापसा, मडगाव, फोंड्यात औद्योगिक पॅनेलचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडे ते यंत्र असतं, केबल मापाने कापून त्याच्याकडून दाबून घेतली की झालं. डाख देऊन भरलेला लगही नको. शिसं तारांमधून वर चढतं, केबल तिथे ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी त्या जागी तुटते.

बसवणं

सुरुवातीला गळती मोजून ठेवा, म्हणजे स्विच कोणता रोग झाकतो आहे ते कळेल. सगळं बंद, दारं बंद, अर्थचा क्लॅम्प सोडवा. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये २१ वॅटचा बल्ब धरा. लख्ख पेटला तर मोठा शॉर्ट आहे, तिथेच थांबा आणि तो आधी शोधा. पेटला नाही तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर लावून आकडा घ्या. या वेळी सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. डायनेमोच्या, रेडिओ-घड्याळ नसलेल्या गाडीत आकडा शून्याला चिकटून असायला हवा. ३०-४० मिलिअँपिअर दिसले तर एकेक वायर सुटी करून कुठे उतरतो ते बघा. अल्टरनेटर असेल तर संशय आधी त्याच्या डायोडवर.

मग अर्थ केबल पूर्ण काढा, पाठोपाठ जिवंत केबल. हा क्रम उलटा करू नका. जिवंत बाजू सोडवताना पाना बॉडीला लागला आणि अर्थ जोडलेली असली तर पाना वेल्ड होऊन बसतो. हातातली अंगठी, घड्याळ आधी काढा. बॅटरी उतरवून ट्रे धुऊन घ्या, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मरतं.

अर्थ केबल बॉडीला जिथे धरली आहे ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. रंगावर बसवलेली अर्थ ही जुन्या गाड्यांची नंबर एकची खोड. त्याचबरोबर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी बघा. इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, ती पट्टी तुटली असेल तर सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलीतून वाट काढतो आणि त्या केबली तापून अडकतात.

ब्रॅकेट आणि स्विच घट्ट झाल्यावर केबली मापा. इंजिन हलतं तिकडची केबल चार-पाच सेंटिमीटर सैल ठेवा, ताणलेली नको. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट आणि दर २०-२५ सेंटिमीटरला क्लिप. जोडताना क्रम असा: पहिल्यांदा बॉडीकडचं टोक, मग स्विचचे दोन्ही स्टड, त्यानंतर बॅटरीची जिवंत केबल, आणि स्विच बंद आहे याची खात्री करून सर्वांत शेवटी बॅटरीचा अर्थ क्लॅम्प.

स्टडवर लग थेट तांब्याच्या किंवा पितळेच्या बैठकीला टेकला पाहिजे. त्याच्यावर साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. वॉशर लगच्या खाली घातला की सगळा करंट त्या लोखंडी चकतीतून जातो आणि ती तापते. जोडणी बिघडण्याचं इतकं साधं कारण असूनही ते फार उशिरा सापडतं. नट आवळताना स्विचमागे हात धरा आणि पान्याला पाइप लावू नका, पितळी स्टड आवाज न करता पिळून तुटतो. आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली आणि टोपण. जेली जोडणीच्या मधे नको.

तपासणी

स्विच बंद ठेवून बॅटरीचा जिवंत खांब आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्ट मोजा, शून्य आले पाहिजेत. अर्थ खांब आणि बॉडी यांच्यामध्ये मात्र बारा दिसू शकतात, त्याने घाबरू नका. एखादं घड्याळ किंवा दिवा जोडलेला असला की बंद स्विचवर तेवढे दिसतातच. जिवंत खांब ते बॉडी व्होल्टेज आलं तर एखादी बारीक अर्थ वायर बॅटरीवर राहून गेली आहे किंवा क्लॅम्प कुठेतरी पत्र्याला टेकला आहे.

खरी परीक्षा सेल्फची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. स्विच चालू करून मीटरची टोकं त्याच्या दोन स्टडना लावा, नटांना नव्हे. कोणालातरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्ट किंवा कमी आले तर उत्तम, ०.२ पर्यंत चालवून घ्या, सहा व्होल्टच्या गाडीत ०.१ च्या वर नको. अर्धा व्होल्ट आला तर १५० अँपिअरला स्विचमध्ये ७५ वॅट उष्णता तयार होते आहे, असा स्विच दुकानात परत करा. स्विचवर आकडा चांगला आणि तरीही सेल्फ सुस्त असेल तर मीटर अर्थ खांब आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये लावा, दोष बहुधा लगमध्ये किंवा बॉडीच्या जोडणीत सापडेल.

अल्टरनेटरच्या गाड्या

पुढच्या काळातल्या अँबेसेडर-पद्मिनींना आणि मागाहून बदल केलेल्या गाड्यांना अल्टरनेटर असतो. तो चार्ज करत असताना बॅटरी अचानक तोडली तर त्याचा करंट जायला जागा उरत नाही आणि व्होल्टेज क्षणभर शंभरच्या आसपास उसळू शकतं. डायोड, रेग्युलेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, स्टिरिओ, जे समोर येईल ते जातं. मोटरस्पोर्टच्या स्विचमधला रेझिस्टर हीच उसळी पचवायला असतो. साध्या स्विचला नियम एकच: आधी इग्निशनची किल्ली, इंजिन पूर्ण थांबलं की मग स्विच. डायनेमोच्या गाडीलाही हाच क्रम पाळावा, तिथे बल्ब प्रखर होऊन उडतात एवढंच. आग लागली असेल तर अर्थातच डायोडची पर्वा न करता जे हाताला येईल ते बंद करा.

काही तयार स्विचबरोबर घड्याळ-रेडिओची स्मृती टिकवायला ५ किंवा १० अँपिअरच्या फ्यूजची बारीक वायर येते, ती स्विचला वळसा घालून जोडायची असते. जुन्या गाडीत ती कापून टाका. कुजलेल्या वायरी जिवंत ठेवायच्या असतील तर स्विच बसवला कशाला? आणि दहा अँपिअरसुद्धा बारीक वायर तापवायला पुरेसे आहेत.

पावसाळ्यात

स्विच बंद ठेवला म्हणजे बॅटरी तशीच राहते, असं नाही. पाण्याची शिसे-आम्ल बॅटरी आपल्या उकाड्यात महिन्याला काही टक्के आपोआप उतरतेच. भरलेली १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा, नाहीतर पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं. सहा व्होल्टला हे आकडे निम्मे. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा मोजणं पुरे.

चार्जरचे दोन्ही चिमटे बॅटरीच्या खांबांनाच लावा. सवयीने अर्थचा चिमटा बॉडीला लावला आणि स्विच बंद असला तर चार्जरचा दिवा पेटेल, बॅटरीत काही जाणार नाही. दुसऱ्या गाडीवरून जंप देतानाही हाच घोटाळा होतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला जंप देताना दोन गाड्यांच्या बॉडी एकमेकींना लागू देऊ नका. चार्जिंग संपल्यावर आधी चार्जरचा प्लग काढा, बॉनेट उघडं ठेवून दहा-पंधरा मिनिटं हवा खेळू द्या आणि मगच स्विच फिरवा.

किल्लीचा स्विच असेल तर दुसरी किल्ली घरात ठेवा, लाल प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन मानेशी तुटतं. गाडी नवरदेवासाठी किंवा रॅलीसाठी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार असाल तर स्विच कुठे आहे ते त्याला दाखवा, आणि चालू गाडीत तो फिरवायचा नाही हेही सांगा. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर गाडी काढताना, नट तपासून सेल्फवरची व्होल्टची मोजणी पुन्हा करा. गेल्या वेळी ०.०८ होते आणि आता ०.२५ दिसत असतील तर आधी लग साफ करून बघा. तरीही आकडा उतरला नाही तर स्विच बदला. उघडून आतले पॉइंट घासू नका, त्यांवरचा मुलामा एकदा गेला की पुढचा पावसाळा ते काढत नाहीत.